जुन्या छोट्या विमानाच्या पंखाचे भाग बदलताना: जुहूच्या हँगरमधले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एएमई, म्हणजे विमानाची देखभाल करून त्यावर सही करणारा माणूस. बरीच वर्षं मुंबईत जुहूच्या विमानतळावर सेसना १५२ आणि १७२ या छोट्या विमानांच्या पंखांखाली वाकून काढली. विमानाचे मालक, शिकाऊ वैमानिक, एएमईच्या परीक्षेला बसलेली पोरं आणि अधूनमधून कुतूहलापोटी येणारे शेजारी तेच ते प्रश्न विचारतात. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो. सगळं मुख्यतः वर पंख आणि खाली त्याला तिरका स्ट्रट, म्हणजे आधाराचा दांडा, असलेल्या, धातूच्या छोट्या विमानांबद्दल आहे.

इतकी जुनी विमानं अजून उडवतातच कशी?

सेसना १५२ चं उत्पादन १९७७ ते १९८५ या काळात झालं. म्हणजे त्यातलं सर्वात धाकटं विमानही आज चाळिशीचं आहे. मोटारगाडीचा हिशोब इथे लागू पडत नाही. विमान ठरावीक तासांनी उघडलं जातं, झिजलेलं काढलं जातं, नवीन बसवलं जातं आणि प्रत्येक गोष्ट लॉगबुकात लिहिली जाते. एखाद्या जुन्या १५२ मध्ये कारखान्यातून आलेलं मूळचं काय काय उरलंय, असं विचारलंत तर मला लॉगबुक घेऊन बसावं लागेल.

तरीही पंखाचा सांगाडा बहुधा मूळचाच असतो. इंजिन तासांवर बदलतं, टायर बदलतात, सीटची कव्हरं तर दर दोन वर्षांनी. स्पार आणि रिबा मात्र त्याच. म्हणूनच पंखाला हात लावताना आम्ही कंजूष आणि शंकेखोर होतो.

स्पार, रिब, स्किन हे काय असतं?

स्पार म्हणजे पंखाचा कणा: मुळापासून टोकापर्यंत जाणारी तुळई. रिबा म्हणजे फासळ्या, पंखाला फुगीर आकार देणाऱ्या. त्यावरचा पातळ पत्रा म्हणजे स्किन. स्किन फक्त झाकण नाही, तीसुद्धा भार उचलते. मागच्या कडेला बाहेरच्या बाजूला एलेरॉन, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणारी झडप, आणि आतल्या बाजूला फ्लॅप, म्हणजे उतरताना खाली येणारी झडप. टोकाला विंगटिप, तो बहुतेकदा प्लास्टिकचा. भार न घेणारे भाग बदलणं एका दुपारचं काम. भार घेणाऱ्या भागाला धक्का लागला की मॅन्युअल, मंजूर आराखडा आणि बराच संयम लागतो.

मुंबईत पंखाचं सर्वात जास्त काय बिघडतं?

गंज. दुसरं उत्तर द्यायचं झालं तरी शेवटी त्यातून गंजच निघतो.

ॲल्युमिनियमचा गंज लोखंडासारखा तांबडा नसतो. तो पांढरट-राखाडी भुकटीसारखा दिसतो, आणि रंगाखाली असला तर बारीक किड्याने पोखरल्यासारख्या नागमोडी रेषा उठतात. पंखाची स्किन बहुधा २०२४-टी३ या मिश्रधातूची असते. त्यात तांबं आहे. त्याने ताकद येते, पण गंजाला वाटही मिळते. म्हणून पत्र्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवलेला असतो. कोणी हौसेने जोरजोरात पॉलिश करून तो थर घासून टाकला की विमान चार महिने चकाकतं आणि मग पांढरं पडायला लागतं.

जुहूला समुद्र पश्चिमेला चालत जाण्याच्या अंतरावर. जून ते सप्टेंबर हवेत पाणी, उरलेले महिने हवेत मीठ. जिथे पाणी साचतं आणि वारा पोचत नाही तिथे आधी बघा: फ्लॅपच्या आतली बाजू, स्ट्रटची दोन्ही टोकं, टाकीच्या झाकणाखालची जागा, आणि जिथे पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमला टेकतो ती प्रत्येक जागा. दोन वेगळे धातू आणि मधे खारट ओल, म्हणजे बॅटरीच तयार झाली. खाल्लं जातं ते ॲल्युमिनियम.

सेसनाने जुन्या विमानांसाठी एसआयडी नावाच्या जादा तपासण्या काढल्या आहेत. (सीआयडी नव्हे, एसआयडी. पण स्वभाव तोच.) त्यात कुठल्या तासाला, कुठल्या वर्षाला, कुठलं झाकण उघडून काय बघायचं ते दिलेलं आहे, आणि दमट-खाऱ्या हवेतल्या विमानाला कोरड्या हवेतल्या विमानापेक्षा आधी नंबर लागतो.

एक सूचना, पोरांसाठी. गंज दिसला म्हणून लोखंडी तारेचा ब्रश किंवा स्टील वूल घेऊन धावू नका. पोलादाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच नवीन गंज येतो.

विंगटिपला तडा गेलाय. तेवढाच बदलून मिळेल ना?

मिळेल. तडे सहसा हँगरमध्ये विमान ढकलताना पडतात. पंख लांब असतो, ढकलणाऱ्याची नजर जवळ असते. सेसना १५२ चा एकूण विस्तार ३३ फूट ४ इंच आहे आणि शेडचा खांब काही बाजूला सरत नाही.

पण "तेवढाच" हा शब्द मला घाबरवतो. एकदा असाच टिप बदलायला घेतला. कडेचे स्क्रू इतके जाम, की एकेकाची टोपी ड्रिलने उडवावी लागली. टिप निघाला, मी टॉर्च मारला, तर आत साळुंकीचं घरटं. काड्या, गवत, वेफरच्या पुडीचा चंदेरी तुकडा आणि पक्षी सोडून गेल्यानंतरची महिनोन्‌महिन्यांची विष्ठा. बरोबरचा पोरगा हसला, "काका, भाडं कधीपासून थकलंय?" मी घरटं चिमट्याने बाजूला केलं आणि खालच्या रिबेवरून नख फिरवलं. रंगाचा पोपडा निघाला, त्याखाली पांढरी भुकटी, आणि भुकटी पुसल्यावर रिबेच्या पायाशी सुई आरपार जाईल असं भोक. पक्ष्यांची विष्ठा आणि ओल एकत्र आली की धातू खातात, हे पुस्तकात वाचलेलं होतं. नखाला लागल्यावर जास्त लक्षात राहिलं.

एका दुपारचं काम तीन आठवड्यांवर गेलं. मालकांना वाटलं आम्ही काम वाढवतोय. त्यांना बोलावून भोक दाखवलं, मग चहा मागवला.

नागदेवी स्ट्रीटवर तसाच बोल्ट निम्म्याहून कमी किमतीत मिळतो. तो का नको?

मुंबईतल्या या हार्डवेअरच्या बाजाराबद्दल मला आदर आहे. घरचा पंप, गेट, सायकल, सगळ्याचे नट-बोल्ट मी तिथूनच आणतो. विमानाचे नाही.

कारण फक्त ताकदीचं नाही. विमानाच्या एएन मालिकेतल्या पोलादी बोल्टची ताणशक्ती चौरस इंचाला १,२५,००० पौंड ठरलेली आहे, पण तेवढ्या ताकदीचा बोल्ट बाजारातही मिळू शकेल. फरक इतर गोष्टींत आहे. विमानाच्या बोल्टच्या दांड्याचा गुळगुळीत भाग नेमक्या लांबीचा असतो, म्हणजे भोकाच्या आत आटे येत नाहीत. आटे भोकात टेकले की ते करवतीसारखं काम करतात. त्यावर कॅडमियमचा मुलामा असतो, म्हणून तो ॲल्युमिनियमशी कमी भांडतो. आणि त्याच्याबरोबर कागद येतो: कोणी बनवला, कुठल्या बॅचमध्ये. उद्या त्या बॅचमध्ये दोष निघाला तर आम्हाला कळतं की आपल्या पंखात तो आहे. बाजारातल्या बोल्टची कुंडली कोण देणार?

घट्ट करतानाही "हाताला लागला तेवढा" चालत नाही. पाव इंची बोल्टला नेहमीचा टॉर्क, म्हणजे आवळायचा पीळ, ५० ते ७० इंच-पौंड. मॅन्युअलने वेगळा आकडा दिला असेल तर तो. नायलॉनच्या कडीचा नट बोटांनीच सरसर फिरत असेल तर तो फेकायचा. स्प्लिट पिन एकदा काढली की ती संपली, पुन्हा सरळ करून वापरायची नाही. हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

रिपिट ड्रिलने काढून नवीन मारणं एवढं अवघड का म्हणतात?

अवघड नाही, नाजूक आहे. कारखान्यातला जुना कामगार ज्याला एक सूत म्हणतो, त्या १/८ इंच व्यासाचा रिपिट (रिव्हेट) पंखावर भरपूर सापडतो. एमएस२०४७०एडी४-४ असं नाव वाचताना बिचकू नका: एडीनंतरचा ४ म्हणजे व्यास ४/३२ इंच, शेवटचा ४ म्हणजे लांबी ४/१६ इंच, आणि एडी म्हणजे २११७ मिश्रधातू. एडी रिपिटच्या डोक्यावर मधोमध छोटा खळगा असतो. (हँगरमध्ये एडी तीन आहेत: हा रिपिट, नियामकाचा सक्तीचा आदेश, आणि तडे शोधणारी एडी करंट तपासणी. "एडी बघितलं का?" असं कोणी विचारलं तर आधी कुठलं ते विचारा.)

काढताना त्या खळग्यातच ड्रिल टेकवायचं. डोक्याच्या जाडीपर्यंतच उतरायचं, आरपार नाही. मग पिन पंचने डोकं हलकेच मोडायचं, मागून आधार देऊन दांडा बाहेर काढायचा. हात तिरका गेला की भोक अंडाकृती होतं. मग एक माप मोठा रिपिट घ्यावा लागतो आणि त्यासाठी कडेपासून पुरेसं अंतर उरलंय का ते बघावं लागतं: भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत निदान व्यासाच्या दुप्पट. ते नसेल तर एका रिपिटपायी पत्रा बदलायची पाळी. मी हे झालेलं पाहिलंय. झालेलं म्हणजे केलेलं, शिकाऊ असताना.

मारताना एकजण गन धरतो, दुसरा पंखाच्या आत हात घालून बकिंग बार, म्हणजे मागून आधार देणारा जड ठोकळा, दाबून ठेवतो. आतल्याला काही दिसत नाही, सगळं बोटांवर. दबलेलं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच हवं. जास्त चेपलं तर तडकतं, कमी चेपलं तर सैल. दोघांचं एकमेकांशी पटत नसेल तर त्यांना एका पंखावर लावू नये.

एलेरॉनवर छोटीशी पट्टी मारली किंवा नुसता रंग दिला, तरी बॅलन्स का तपासता?

एलेरॉन बिजागरीवर झुलतं. त्याचं मागचं टोक जड झालं तर ठरावीक वेगाला ते फडफडू लागतं आणि ती फडफड पंखाच्या वळण्याशी तालात मिसळली की काही क्षणांत पंख मोडू शकतो. याला फ्लटर म्हणतात. बिजागरीच्या मागे पडलेला रंगाचा एक जादा थरही हिशोबात धरावा लागतो. म्हणून दुरुस्तीनंतर एलेरॉन काढून, सुरीच्या धारेसारख्या आधारावर तोलून, आकडा मॅन्युअलच्या मर्यादेत बसतोय का ते बघायचं.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन याच जुहूला उतरले, ते डी हॅविलंड पस मॉथमधून. त्या काळात या जातीची काही विमानं हवेत पंख मोडून पडली होती आणि शेवटी स्ट्रटला जादा आधार देऊन ती ताठ करावी लागली. हे आठवलं की बॅलन्सचा कंटाळा येत नाही.

स्पारला काही झालं तर पंख उतरवावा लागतो का?

बहुधा हो. आणि स्पार डोळ्यांनी बघून चालतोच असं नाही. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेत डेटोना बीचला प्रशिक्षण घेणाऱ्या पायपर ॲरोचा डावा पंख उड्डाणात सुटला, दोघे गेले. कारण निघालं स्पारच्या खालच्या पट्टीत, बोल्टच्या भोकापाशी वाढलेला थकव्याचा तडा. ते विमान २००७ सालचं होतं, म्हणजे आपल्या १५२ च्या मानाने पोरच. पण शिकाऊंच्या हातचं, सारखं उतरणारं-चढणारं. पुढे तिकडच्या नियामकाने पायपरच्या बऱ्याच मॉडेलांना त्या भोकांची एडी करंट तपासणी लावली. विमानाचं वय विचारताना साल, तास आणि त्याने काय काम केलं, हे तिन्ही विचारायचं ते यासाठी.

सेसनाचा पंख उतरवणं म्हणजे आधी टाकी रिकामी, मग फेअरिंग (सांधे झाकणारी आवरणं), केबल, तारा, वेग मोजणारी पिटोची नळी सोडवायची. चार माणसं पंख तोलून धरतात आणि मगच स्ट्रटचे आणि मुळाशी पुढच्या-मागच्या स्पारचे बोल्ट निघतात. पुढची कड गादीवर टेकवून पाळण्यात ठेवायचा. घाई करणाऱ्याला मी चहा आणायला पाठवतो.

पंख बसवल्यापासून विमान डावीकडे झुकतं. काही चुकलं का?

कदाचित काहीच नाही. मागच्या स्पारच्या जोडाला विक्षेपी बुशिंग असतात, म्हणजे भोक मध्याला नसलेली. ती फिरवली की पंखाची मागची कड किंचित वर-खाली होते आणि जड वाटणारा पंख हलका होतो. आधी दोन्ही टाक्यांतलं इंधन सारखं आहे का, फ्लॅप दोन्हीकडे सारखे बंद होतात का ते बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

उलट बसलेल्या केबलची मात्र थट्टा नको. हाताचे अंगठे वर करून कंट्रोल व्हील धरा आणि फिरवा: अंगठे ज्या बाजूला झुकतात त्या बाजूचं एलेरॉन वर जायला हवं. हे काम करणारा तपासतोच, पण दुसऱ्या, त्या कामाला हात न लावलेल्या माणसानेही तपासून सही करायची. आपली चूक आपल्याला दिसत नाही.

दुसऱ्या विमानाचा वापरलेला पंख घेतला तर?

चालू शकतो, कागद असतील तर. कुठल्या विमानाचा, किती तासांचा, अपघातातला का, मध्ये कोणी काय दुरुस्ती केली, आणि मॉडेल व सीरियल नंबरच्या हिशोबाने आपल्या विमानाला बसतो का. वरून नवा रंग मारलेला आणि कागद "येतायत" असलेला पंख मी दारातूनच परत पाठवतो. एका दलालाने मला तीन वेळा फोन करून सांगितलं होतं की कागद कुरिअरला दिलेत. कुरिअर अजून यायचंय.

कागद म्हणजे नक्की कुठले?

सुट्या भागाबरोबर त्याचं रिलीज सर्टिफिकेट: भारतात सीए फॉर्म १, अमेरिकेतून आला तर ८१३०-३. काम झाल्यावर लॉगबुकात नोंद आणि सर्टिफिकेट ऑफ रिलीज टू सर्व्हिस, म्हणजे सीआरएस. पिस्टन विमानाच्या सांगाड्यावर सही करायला बी१.२ गटाचा परवाना लागतो. वजनात फरक पडला असेल तर वजन-तोलाचा तक्ता नवीन. मोठी दुरुस्ती असेल तर तिचा आराखडा मंजूर हवा. हे सगळं डीजीसीएच्या, म्हणजे आपल्याकडच्या नागरी उड्डाण नियामकाच्या, चौकटीत चालतं. वरचा कायदा म्हणाल तर १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या विमान कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम २०२४ आला आहे.

सुटा भाग यायला किती दिवस लागतात?

तारीख देत नाही, दिली की ती चुकते. भाग गोदामात असला तर प्रवास सोपा आहे, सहारच्या एअर कार्गोमध्ये कागद जुळेपर्यंत जीव टांगलेला असतो. १५ जुलै २०२४ पासून विमानाच्या आयात सुट्या भागांवर सरसकट ५ टक्के आयजीएसटी झाला, त्यामुळे कुठला भाग कुठल्या शीर्षकाखाली यावरची हुज्जत बरीच कमी झाली. बिल आणि सर्टिफिकेटवरचा पार्ट नंबर अक्षर न्‌ अक्षर सारखा असावा. एका आडव्या रेघेवरून पेटी आठवडाभर पडून राहिलेली आहे.

आम्ही मालक किंवा वैमानिक म्हणून काय करू शकतो?

गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः पावसाळ्याआधी आणि नंतर. पाण्याचा जोर सांध्यांवर मारू नका. पंखाखालची पाणी निघून जायची बारीक भोकं उघडी आहेत का बघा. टाकीच्या झाकणाचं रबर कडक झालं असेल तर सांगा, त्यातून पाणी आत जातं. उड्डाणापूर्वी फ्लॅप हाताने हळूच हलवा. रोलर झिजले असतील तर खडखड जाणवेल. केबल दिसत असेल तिथे सुती फडकं फिरवा, जुन्या बनियनचा तुकडा उत्तम. धागा अडकला तर तिथे तार तुटलेली आहे. बोट फिरवू नका, तीच तार बोटात जाते.

आणि १५२ च्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला स्टॉल वॉर्निंगची, म्हणजे पंखाची उचल सुटायच्या बेतात असल्याचा इशारा देणारी, फट असते. तिच्यावर स्वच्छ रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढली की भोंगा वाजायला हवा. रुमाल का, असं कोणी विचारलं तर त्याला फटीत बसलेली गांधीलमाशी दाखवा.

काढलेला जुना भाग आठवण म्हणून घरी नेता येईल?

अखंड नाही. बाद झालेला भाग पुन्हा कोणाच्या विमानात जाऊ नये म्हणून तो आम्ही कापतो, भोक पाडतो किंवा ठोकून वाकडा करतो, मगच शेडबाहेर. माझ्या टेबलावर साळुंकीवाल्या पंखातल्या रिबेचा तुकडा आहे, करवतीने मधोमध कापलेला. पंखा लावला की सीआरएसचे कागद उडतात, त्यावर ठेवतो.